बिअर्डेड ड्रॅगनची जोडी नको: सांगली-साताऱ्यातल्या नव्या पाळणाऱ्यांसाठी

आपल्याकडे पाळीव प्राणी म्हटला की जोडी आली. लव्हबर्ड जोडीनं घेतात, पारवे जोडीनं, ससेही जोडीनंच. त्यामुळे बिअर्डेड ड्रॅगन हा परदेशी सरडा घ्यायला गेलं की दुकानदार हमखास म्हणतो, "एकच काय घेताय, जोडी घ्या की. एकट्याला करमत नाही त्याला." घरच्यांनाही ते पटतं आणि एका काचेच्या पेटीत दोन पिल्लं घरी येतात. सुरुवातीचे काही आठवडे छान जातात. दोघं एकमेकांच्या अंगावर बसतात, फोटो निघतात, नातेवाइकांना पाठवले जातात. मग एकाची वाढ थांबते किंवा एका सकाळी शेपटीचं टोक गायब झालेलं दिसतं.

हा लेख दुकानात जाण्याआधी वाचावा म्हणून लिहिलाय. दोन आधीच आणून एकत्र ठेवले असतील, तर "दोन आधीच एकत्र असतील तर" हा भाग आधी वाचा आणि त्यातलं पहिलं काम आजच उरका. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

हा सरडा एकटाच राहतो

बिअर्डेड ड्रॅगन, लाडानं बिअर्डी, शास्त्रीय नाव पोगोना विट्टिसेप्स, हा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या, रखरखीत भागातला सरडा. पूर्ण वाढलेला शेपटीसकट दीड ते दोन फूट भरतो आणि नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं, कधी त्याहून जास्त जगतो. तिकडे तो वाळलेल्या ओंडक्यावर नाहीतर कुंपणाच्या खांबावर एकटा ऊन खात बसलेला दिसतो. तिथून त्याला ऊन मिळतं, किडे दिसतात, वरून येणारा शिकारी पक्षी दिसतो. चांगल्या जागा मोजक्याच असतात, म्हणून ज्यानं जागा धरली तो ती सोडत नाही. विणीच्या हंगामात नर-मादी भेटतात आणि परत आपापल्या वाटेनं जातात. आई पिल्लांना सांभाळत नाही. अंडी पुरून ती निघून जाते.

ही वृत्ती बघायला ऑस्ट्रेलियाला जायची गरज नाही. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर उन्हाळ्यात जा. पवनचक्क्यांच्या खाली, गवतातल्या दगडांवर सराडा सुपर्बा नावाचा छोटा सरडा दिसेल. शास्त्रज्ञांनी २०१६ साली त्याची वेगळी जात म्हणून नोंद केली. नर दगडावर चढतो, पुढचे पाय ताठ करतो आणि गळ्याखालचा निळा-काळा-केशरी पंखा फटकन उघडतो, मिटतो, परत उघडतो. तेवढ्यात दुसरा नर जवळ आला तर पंख्याची उघडझाप वाढते, आणि तरीही तो हटला नाही तर पहिला त्याच्या अंगावर धावून जातो. हरलेला पळतो आणि दूरच्या दगडावर जाऊन बसतो. बिअर्डेड ड्रॅगनही याच कुळातला, आणि आपल्या कुंपणावरचा मान हलवणारा साधा सरडासुद्धा.

यातली मोलाची गोष्ट म्हणजे हरलेल्याला पळायला पठार असतं. चार फुटी पेटीत पळून जायचं कुठं? तो कोपऱ्यात बसतो आणि जिंकलेला दिवसभर त्याच्या नजरेसमोर असतो. एकत्र ठेवलेल्या बिअर्डीचे बहुतेक हाल इथून सुरू होतात. मारामारी झाली नाही तरी हाल होतातच.

इथे एक शंका हमखास येते: हे प्राणी हुशार असतात, मग त्यांना सोबत नको कशी? हुशार असतात हे खरंच आहे. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिलं की एका बिअर्डीला छोटं दार सरकवताना बघून दुसऱ्या बिअर्डी तसंच दार सरकवायला शिकल्या. पण दुसऱ्याकडे बघून शिकता येणं वेगळं आणि दुसऱ्यासोबत एका खोलीत जन्म काढणं वेगळं. त्याला सोबत हवीच असेल तर ती तुमची पुरते. रोज थोडा वेळ हातावर, खांद्यावर बसवा, एवढं पुष्कळ झालं.

देहबोली ओळखा

या भागावर वेळ घाला. बिअर्डी ओरडत नाही, सगळं अंगानं सांगते, आणि आपण माणसांच्या रीतीनं अर्थ लावून फसतो.

सगळ्यात जास्त फसवणारं दृश्य म्हणजे एकावर एक बसणं. "बघा, किती माया आहे" असं सगळे म्हणतात. पण दिव्याखालची उबदार जागा एकच असते, आणि वरचा ती बळकावून बसलेला असतो. ऊब आणि अतिनील किरण दोन्ही वरच्याला मिळतात, खालच्याच्या अंगावर सावली पडते. हे रोज होत राहिलं की खालच्याचं अन्न नीट पचत नाही, कारण सरड्याला पचनासाठी बाहेरची उष्णता लागते. किरण मिळाले नाहीत की ड३ जीवनसत्त्व तयार होत नाही, ड३ नाही म्हणजे कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि हाडं मऊ पडू लागतात. फोटोत प्रेमाचं वाटणारं दृश्य खालच्याला हळूहळू पांगळं करत असतं. एकत्र ठेवण्याला माझा ठाम विरोध आहे तो सगळ्यात जास्त याच कारणानं. चावा दिसतो, हे दिसत नाही.

मान हलवण्याच्या दोन तऱ्हा असतात. झटके देत, अख्खं पुढचं अंग उचलून जोरात मान हलवणं म्हणजे "ही जागा माझी". असं बहुधा नर करतात. संथ, हलकी मान हलवणं हे समोरच्याला दिलेलं उत्तर असतं. एक पुढचा पाय उचलून हवेत हळू गोल फिरवताना दिसला तर मुलं म्हणतात "टाटा करतोय". तो म्हणत असतो, "मी लहान आहे, मला मारू नको." पिल्लं आणि माद्या हे जास्त करतात. दिवसातून अनेकदा एकच जनावर पाय फिरवत असेल तर ते दबून राहतंय असं समजा.

गळ्याखालची दाढी फुगून काळी कुळकुळीत झाली तर राग, भीती किंवा माज यातलं काहीतरी आहे. नर-मादी दोघांनाही दाढी असते, नराची जास्त गडद होते. दाढी काळी, तोंड उघडं, अंग चपटं आणि शेपूट वर, असं सगळं एकदम दिसलं तर पुढची पायरी चावा आहे. नुसतं तोंड उघडून दिव्याखाली शांत बसला असेल तर घाबरू नका, जास्त झालेली उष्णता तो तोंडावाटे बाहेर टाकतोय. अंग चपटं करून दिव्याकडे पाठ केली असेल तर ऊन खातोय.

पोटावर गडद ठिपके आणि रेघा उमटणं, काचेवर दोन पायांवर उभं राहून सतत खरवडणं, दिवसा उजेडी डोळे मिटून थंड टोकाला पडून राहणं, ही ताणाची लक्षणं. काचेवर खरवडणारा कधीकधी स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडत असतो. अशा वेळी बाहेरून तीन बाजूंना खाकी कागद चिकटवा, बऱ्याचदा एक-दोन दिवसांत निवळतं.

एक बारीक गोष्ट इथंच सांगतो. बिअर्डीच्या डोक्यावर मधोमध एक फिकट ठिपका असतो. त्या तिसऱ्या डोळ्याला चित्र दिसत नाही, पण उजेड-सावली कळते. म्हणून वरून हात घातला की तो दचकतो, त्याला घार झेपावल्यासारखं वाटतं. हात नेहमी समोरून, खालच्या बाजूनं न्या आणि पोटाखाली आधार देऊन उचला. शेपूट धरू नका. पालीची शेपूट तुटून परत येते, याची येत नाही.

कोणती जोडी चालते?

नर आणि नर: अजिबात नाही. वयात येईपर्यंत शांत असतील, मग एक दिवस रक्त निघेल.

नर आणि मादी: सगळ्यात जास्त मागितली जाणारी आणि मादीसाठी सगळ्यात वाईट जोडी. नर तिला वर्षभर सोडत नाही, मानेला चावून धरतो, तिच्या मानेवर जखमा होतात. एका मिलनानंतर ती वीर्य शरीरात साठवून ठेवू शकते आणि पुढे पुन्हा पुन्हा अंडी घालू शकते, एका वेळी वीस-पंचवीस. प्रत्येक खेपेला तिच्या अंगातलं कॅल्शियम जातं. अशा माद्या कमी वयात खंगून मरतात, अंडी अडकूनही मरतात.

मादी आणि मादी: "हे चालतं" असं विक्रेते सांगतात. काही ठिकाणी बरेच दिवस निभतं, पण एक वरचढ होतेच आणि दुसरी दबते. शिवाय दुकानात दोन माद्या म्हणून दिलेली पिल्लं खरंच माद्या असतील याची खात्री नसते. शेपटीच्या मुळाशी, खालच्या बाजूला दोन फुगवटे असतील तर नर, मधे एकच असेल तर मादी, ही खूण पिल्लू काही महिन्यांचं झाल्याशिवाय भरवशाची नाही.

पिल्लं: एका टबात वीस पिल्लं बघून लोक म्हणतात, मग ही कशी राहतात? पैदास करणारे ती थोडे दिवसच तशी ठेवतात, दिवसातून अनेकदा खायला घालतात, मोठी-लहान सतत वेगळी करतात. तरीही पाय आणि शेपट्या कुरतडल्या जातात. हलणारं बोट भुकेल्या पिल्लाला किड्यासारखं दिसतं. पिल्लू निवडताना चारही पायांची बोटं मोजा आणि शेपटीचं टोक बघा, त्याचा आधीचा महिना कसा गेला ते तिथं कळेल.

घेण्याआधी कागद

बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीमुळे आपल्या भागात वन्यजीव कायदा काय असतो हे वेगळं सांगावं लागत नाही. १९७२ च्या कायद्यानुसार घोरपड अनुसूची १ मध्ये आहे, तिला पकडणं, बाळगणं गुन्हा. रानातला सरडा धरून पेटीत ठेवणंही नको. बिअर्डी परदेशी असल्यामुळे वेगळी बाब आहे, पण परदेशी प्राण्यांबाबतचे नियम २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ ची नोंदणी नियमावली यांनंतर बरेच कडक झालेत आणि काही जातींची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. म्हणून घेण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात विचारा आणि विक्रेत्याकडून पैदाशीच्या मजकुरासह पक्की पावती घ्या. "थेट ऑस्ट्रेलियातून आणलाय" असं कुणी सांगितलं तर तिथून उठा. ऑस्ट्रेलिया आपले रानातले सरडे पाळण्यासाठी बाहेर विकू देत नाही. जगभरच्या घरांत आहेत त्या जवळजवळ सगळ्या पिंजऱ्यात पैदास झालेल्या बिअर्डी.

पेटी: एका जनावराला एक

मोठ्या जनावराला कमीत कमी ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच. माशांची टाकी घेऊ नका. ती जड असते, हवा खेळत नाही आणि वरूनच हात घालावा लागतो. गल्लीतल्या सुताराकडून प्लायची पेटी करून घ्या. समोर चॅनेलमध्ये सरकणाऱ्या दोन काचा आणि दोन्ही बाजूंना जाळी लावलेली हवेची तोंडं ठेवायला सांगा, एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर, म्हणजे हवा आपोआप फिरते. आतून सनमायका लावला तर पुसायला सोपं जातं. फेविकॉल आणि पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत, किमान आठ-दहा दिवस, पेटी उघडी वाळवा. पेटी स्वयंपाकघरात ठेवू नका, फोडणीचा धूर त्याला सोसत नाही. खिडकीला लागूनही नको, काचेतून दुपारचं ऊन आलं की आतलं तापमान हाताबाहेर जातं.

दोन बिअर्डी हव्याच असतील तर दोन पेट्या, दोन दिवे, अतिनील किरणांच्या दोन ट्यूब. दोघांना एकमेक दिसणार नाहीत अशा ठेवा. काचेतून रोज समोर शत्रू दिसत राहिला तरी खाणं सुटतं. एका पेटीत मधे फळी टाकून काम भागत नाही, दोघांचीही जागा अर्धी होते. खर्च दुप्पट, वीजबिल दुप्पट, सफाई दुप्पट, हे आधीच घरात बोलून घ्या.

*उष्णता.* पेटीच्या एका टोकाला हॅलोजनचा दिवा, चिनी मातीच्या होल्डरमध्ये, सरड्याची उडी पोचणार नाही इतका उंच किंवा जाळीत. त्याच्याखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा. ती उष्णता धरून ठेवते, नखं घासली जातात आणि मार्बलवाल्याकडे भंगारात मिळून जाते. फरशीचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश सेल्सिअस हवा, दुसरं टोक २५ ते २८. रात्री दिवा बंद. लाल, निळे "रात्रीचे" दिवे लावू नका, त्यांनी झोपमोड होते. तापमान हाताच्या अंदाजानं ठरवू नका, पिस्तुलासारखी इन्फ्रारेड तापमापी घ्या. तापणारे दगड, ज्यात आत वायर असते, ते टाळा. पोट भाजतं आणि त्याला कळतही नाही.

*अतिनील किरण.* नवखे लोक इथं पैसे वाचवतात आणि तीच बचत पुढे महागात पडते. लांब टी-फाइव्ह ट्यूब घ्या, वाळवंटी सरड्यांसाठीची, १० ते १२ टक्के यूव्हीबी किरणांची, पेटीच्या निम्म्याहून जास्त लांबीची. ती उबदार टोकाकडूनच सुरू करा, म्हणजे ऊब आणि किरण एकाच जागी मिळतात. पिळाच्या छोट्या बल्बवर भागवू नका. ट्यूब पेटत राहिली तरी तिचे किरण कमी होत जातात, म्हणून साधारण वर्षानं बदला आणि बसवल्याची तारीख पट्टीवर पेननं लिहून ठेवा. काच हे किरण अडवते, त्यामुळे खिडकीच्या बंद काचेतलं ऊन उपयोगाचं नाही. सकाळचं कोवळं ऊन मात्र कोणत्याही ट्यूबपेक्षा सरस. जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावली करून, आठवड्यातून दोन-तीनदा वीस मिनिटं गच्चीवर न्या. काचेच्या पेटीत कधीही उन्हात ठेवू नका, आणि घारी-मांजरांमुळे एकटं सोडून खाली जाऊ नका.

तळाला सुरुवातीला टाइल किंवा कागद घाला. सुटी वाळू पिल्लांच्या पोटात जाऊन अडकते. बाकी सामान साधंच: चढायला बाभळीचा किंवा आंब्याचा जाड ओंडका, लपायला मंगलोरी कौल थंड टोकाला.

इथलं हवामान

ऑस्ट्रेलियातली माहितीपत्रकं वाचून सांगलीत पेटी चालवली तर गडबड होते. एप्रिल-मेमध्ये सांगली, जत, आटपाडी, माण भागात पारा चाळिशीला टेकतो. खोलीच ३६ अंशांवर गेली तर पेटीचं थंड टोक उरतच नाही. दुपारी हॅलोजन बंद ठेवा, ट्यूब चालू राहू द्या, खोलीत पंखा लावा आणि पेटी घरातल्या सगळ्यात थंड भिंतीला हलवा. दोन जनावरं एका पेटीत असतील तर याच दिवसांत सगळ्यात जास्त भांडणं होतात, कारण आता थंड कोपरा एकच उरतो.

पावसाळा याहून अवघड. या प्राण्याला ३०-४० टक्क्यांच्या आसपासची कोरडी हवा लागते. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णाकाठी हवा दमट असते, आणि पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे तर विचारायलाच नको. पाण्याचं भांडं लहान ठेवा आणि थंड टोकाला ठेवा, ओली भाजी तासाभरानं काढा, हवेच्या तोंडांवर काही टाकू नका, दिवा नियमानं बारा तास चालू ठेवा. श्वासाला घरघर, नाकातोंडाशी बुडबुडे, ऊन खात नसतानाही तोंड उघडं, असं काही दिसलं तर डॉक्टर गाठा.

पुराचं बोलणं सांगलीकरांना नको वाटतं, पण २०१९ आणि २०२१ नंतर नदीकाठी राहणाऱ्यानं तयारी ठेवलीच पाहिजे. भोकं पाडलेला झाकणाचा प्लास्टिक क्रेट, जुना टॉवेल आणि कॅल्शियमची डबी पेटीवरच ठेवा. प्राणी दोन असतील तर क्रेटही दोन. नेण्याच्या धावपळीत दोघांना एकात कोंबलं तर वाटेतच चावाचावी होते.

हिवाळ्यात काही मोठ्या बिअर्डी खाणं कमी करून आठवडे-महिने सुस्त झोपतात. वजन टिकून असेल आणि आधी शेण तपासलेलं असेल तर ते नैसर्गिक आहे. वर्षाखालचं पिल्लू असं करत असेल तर आजार समजा. रात्री खोली १६-१८ अंशांखाली गेली तरच उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा. वीज गेली की थंडावलेल्या सरड्याला किडे घालू नका, पोटात कुजतात. दिवा येऊन अंग तापल्यावरच खायला द्या.

खाणं, थोडक्यात

पिल्लांना मुख्यतः किडे, मोठ्यांना मुख्यतः पाला. किडे विकत घेतलेले: क्रिकेट म्हणजे रातकिडे, डुबिया जातीची झुरळं, अधूनमधून सुपरवर्म नावाच्या जाड अळ्या. दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा नको. घरातली झुरळं आणि शेतातले टोळ टाळा, औषधं मारलेली असतात. पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीत काजवे चमकतात, तेव्हा खास सांगायचं म्हणजे काजवा पेटीच्या जवळपासही येऊ देऊ नका. अमेरिकेतले काजवे खाऊन बिअर्डी मेल्याच्या नोंदी आहेत, इथल्या काजव्यांवर प्रयोग करायचं काही कारण नाही.

पाल्यात शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मोहरीचा पाला, किसलेला तांबडा भोपळा, दुधी, जास्वंदीची फुलं, काटे काढलेलं फड्या निवडुंगाचं पान. पालक, चाकवत, राजगिरा रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. तासगावची द्राक्षं महिन्यातून एखाद-दुसरी, तीही फवारणीचा विचार करून नीट धुऊन. किड्यांवर फॉस्फरस नसलेली कॅल्शियमची पूड भुरभुरा. रात्री पेटीत क्रिकेट शिल्लक ठेवू नका, झोपलेल्या सरड्याला ते कुरतडतात.

दोन आधीच एकत्र असतील तर

पहिलं काम आजचं. एकाला बाहेर काढा. दुसरी पेटी तयार नसली तरी मोठा प्लास्टिकचा टब, तळाला कागद, एका टोकाला बाहेरून जाळीवर टेकवलेला हॅलोजन आणि तापमापी, एवढ्यावर काही दिवस निघतात. दिव्यानं प्लास्टिक वितळत नाही ना ते तासभर समोर बसून बघा. दबलेल्याला जुन्या, पूर्ण सोयीच्या पेटीत ठेवा आणि दांडग्याला टबात हलवा. ट्यूबची गरज दबलेल्याला जास्त आहे. लोक नेमकं उलटं करतात.

मग दोघांना उजेडात नीट तपासा. बोटं, शेपटीचं टोक, मानेमागचा भाग, पायांच्या खोबणी. ओली जखम असेल तर पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावा, तळाला फक्त कागद ठेवा. शेपटीचं टोक काळं, कोरडं पडत वर सरकत असेल, जबडा मऊ लागत असेल, पाय थरथरत असतील तर घरगुती उपाय करत बसू नका.

स्वयंपाकघरातल्या साध्या वजनकाट्यावर दर आठवड्याला त्याच वारी दोघांचं वजन घ्या आणि वहीत लिहा. सोबत किती खाल्लं, शी कधी झाली तेही. वेगळं केल्यावर दबलेला दोन-तीन आठवड्यांत बऱ्याचदा फुलून येतो: रंग उजळतो, दिव्याखाली पसरून बसतो, खायला पुढे धावतो. तसं झालं नाही तर शेणाचा ताजा नमुना छोट्या डबीत घालून तपासून घ्या. एकत्र राहिलेल्यांत कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) आणि जंत एकाकडून दुसऱ्याकडे जातात. अ‍ॅडिनोव्हायरस हा विषाणूही असाच पसरतो, आणि त्यावर औषध नाही. म्हणून चिमटे, भांडी, पुसायची फडकी दोघांची वेगळी ठेवा. पुढे कधी नवा प्राणी आणला तर त्यालाही दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवा.

नर-मादी एकत्र होते आणि आता वेगळे केलेत? मादी महिनाभरानं जमीन उकरू लागली, पोट गोट्यांनी भरल्यासारखं दिसलं, तर तिला फूटभर खोल, ओलसर वाळू-मातीनं भरलेलं घमेलं किंवा टब द्या आणि फडकं टाकून आडोसा करा. नर कधीच नसला तरी माद्या अंडी घालतात, तेव्हा एकटी मादी असेल तरी हे लक्षात असू द्या. अंडी फलित असतील आणि पंचवीस पिल्लांची सोय नसेल तर त्याच दिवशी फ्रीजरमध्ये ठेवा. भावना बाजूला ठेवून हा निर्णय घ्यावा लागतो. नाहीतर तीच पिल्लं पुन्हा कुणाच्या तरी घरी "जोडीनं" जातात. उकरतेय पण दोन-तीन दिवस अंडी येत नाहीत आणि ती मलूल पडतेय, ही आणीबाणी आहे.

डॉक्टर आधीच शोधून ठेवा. गावातले बहुतेक पशुवैद्य गाई-म्हशी बघतात, त्यात त्यांचा दोष नाही. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिथं किंवा पुणे-कोल्हापुरात सरपटणारे प्राणी बघणारं कोण आहे ते फोन करून विचारा आणि नंबर पेटीवर चिकटवा. नेताना टॉवेल गुंडाळलेला क्रेट, एका वेळी एक जनावर.

घरात लहान मुलं असतील तर हात धुण्याचा नियम सगळ्यांना सारखा. या प्राण्यांच्या शेणात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. पेटीतली भांडी घरच्या सिंकमध्ये धुऊ नका. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती सरडा देऊ नका.

दोन पेट्या परवडत नसतील तर एकाला चांगलं घर बघा. ज्याला द्याल त्याची पेटी आणि ट्यूब आधी डोळ्यांनी बघून या, तुमची वजनाची वही आणि पावती सोबत द्या. त्याच्याकडे आधीच एक बिअर्डी असेल तर सरळ विचारा, "याला वेगळी पेटी आहे का?" उत्तर "एकत्रच ठेवू" असं आलं तर दुसरं घर शोधा. आणि काही झालं तरी माळावर नेऊन सोडू नका. तो एक तर पहिल्या पावसात मरतो, नाहीतर त्याच्या अंगातले रोग आपल्या रानातल्या सरड्यांपर्यंत पोचवतो.